उरलेली वर्षं

भाच्याचा फोन रविवारी दुपारी आला. तो लंडनच्या हॅरो भागात राहतो. बारा वर्षांपूर्वी तिथेच पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पेढे इकडे वाशीत आम्ही वाटले. "मामा," तो म्हणाला, "फ्लॅटची बहात्तर वर्षं उरलीत. काय करू?"

मी हसलो. "अरे, तू एक्केचाळीस वर्षांचा. ती संपतील तेव्हा तू एकशे तेरा वर्षांचा असशील. आत्तापासून कसली काळजी?"

तो हसला नाही. "मी राहतोय कशाला एकशे तेरापर्यंत? मला पाच-सहा वर्षांत मोठं घर घ्यायचंय, त्यासाठी हे विकावं लागेल. घेणाऱ्याला कर्ज देताना बँक माझं वय विचारणार नाही, फ्लॅटचं विचारणार."

त्या एका वाक्याने मला गप्प केलं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी बरीच वर्षं कागद सांभाळलेत, त्यामुळे घराचे कागद म्हटले की नात्यातले लोक मलाच फोन करतात. पण घराचं वय उलटं मोजायचं असतं, म्हणजे किती झालं हे सोडून किती उरलं हे पाहायचं असतं, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. पुढचे दोन महिने भाच्याने पाठवलेले कागद वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. भाडेपट्ट्यात काळ एकाच बाजूसाठी राबतो. त्यामुळे तिथे जो कोणी उशीर करतो, मग तो मालक असो, सरकार असो की कायदा असो, तो तटस्थ राहत नाही. हा लेख एवढं एकच सांगण्यासाठी आहे.

आधी तिथली व्यवस्था थोडक्यात. इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे बहुतेक वेळा तो 'लीजहोल्ड' असतो. खरेदीदाराने पैसे मोजून घेतलेला असतो तो ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा, ९९ वर्षांचा किंवा १२५ वर्षांचा. जमीन, छप्पर, जिना, बाहेरच्या भिंती हे सगळं 'फ्रीहोल्डर'चं. त्याला दरवर्षी भुईभाडं द्यायचं आणि इमारतीच्या देखभालीचं बिलही त्यानेच ठरवून पाठवायचं. मुदत संपली की फ्लॅट त्याच्याकडे परत. लगेच कोणी सामान रस्त्यावर टाकत नाही, पण कालपर्यंत स्वतःला मालक समजणारा माणूस बाजारभावाने भाडं भरणारा भाडेकरू होतो. एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे ४८ लाख घरं आहेत.

मुदत उतरत गेली की किंमत उतरते, पण सारख्या चालीने नाही. ११० वर्षं उरली असताना एक वर्ष कमी झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ऐंशीच्या खाली आल्यावर प्रत्येक वर्ष बोचायला लागतं आणि साठीच्या आसपास बऱ्याच बँका कर्जाला हात लावत नाहीत. घर मात्र तेच असतं. रंग नवा असेल, स्वयंपाकघर नव्याने केलेलं असेल, खिडक्या दुहेरी काचेच्या असतील, तरी कागदावर ते दरवर्षी म्हातारं होत जातं.

यावर तोडगा म्हणून १९९३ साली तिथल्या संसदेने फ्लॅटधारकाला एक हक्क दिला. रीतसर नोटीस देऊन आणि योग्य किंमत मोजून त्याला उरलेल्या मुदतीत आणखी ९० वर्षं जोडून घेता येतात, आणि पुढचं भुईभाडं 'पेपरकॉर्न' म्हणजे मिरीचा एक दाणा एवढं होतं. मिरीचा दाणा ही इंग्रजी कायद्याची जुनी सोय आहे. करार टिकायला काहीतरी मोबदला हवा, म्हणून नावापुरता मोबदला लिहायचा. तो दाणा कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. बर्म्युडातल्या सेंट जॉर्ज गावात मात्र तिथले फ्रीमेसन एका जुन्या सरकारी इमारतीचं भाडं म्हणून दरवर्षी खरोखरीच मिरीचा दाणा चांदीच्या ताटात ठेवून, समारंभाने राज्यपालांना देतात. आमच्याकडे कोकणात मिरीचा वेल पोफळीवर चढतो आणि दाणे वाळवून डब्यात जातात. तोच दाणा कायद्याच्या पोथीत गेला की त्याचा अर्थ शून्य होतो.

भाडं शून्य झालं, पण किंमत? सगळी मेख तिथे आहे. भाच्याने मला गणित पाठवलं आणि मी ते पाठकोऱ्या कागदावर पुन्हा मांडलं. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल करतो. समजा, लांब मुदतीचा असता तर फ्लॅट ४ लाख पौंडांना गेला असता. ७२ वर्षं उरलीत. भुईभाडं वर्षाला १०० पौंड.

पहिला हिस्सा म्हणजे मालक ज्या भुईभाड्याला मुकणार त्याची आजची किंमत. ७ टक्के दर धरला तर साधारण १,४०० पौंड. दुसरा हिस्सा म्हणजे ७२ वर्षांनी मालकाला जो ४ लाखांचा फ्लॅट परत मिळाला असता, त्याची आजची किंमत. ५ टक्क्यांनी मागे येत गेलं की ४ लाखांचे ११,९०० होतात. दोन्ही मिळून १३,३००. इथवर कोणाची हरकत नसावी. मालकाकडून जे काढून घेतलं, त्याची भरपाई झाली.

मग येतो तिसरा हिस्सा. त्याचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर 'विवाहमूल्य' होतं. ७२ वर्षांचा फ्लॅट आज ३ लाख ६० हजारांना जाईल असं धरू. मुदत वाढली की तोच ४ लाखांचा होतो. म्हणजे फ्लॅटधारकाचा हक्क आणि मालकाचा हक्क यांचं लग्न लागलं की ४० हजारांची भर पडते. त्यातून मालकाला आधीच दिलेले १३,३०० वजा केले की २६,७०० उरतात. कायदा म्हणतो, हे दोघांनी निम्मे निम्मे वाटून घ्या. म्हणजे मालकाला आणखी १३,३५०. एकूण २६,६५० पौंड, म्हणजे भरपाईच्या दुप्पट. शिवाय स्वतःच्या वकिलाची आणि मूल्यमापकाची फी भरायचीच, आणि मालकाच्या वकील-मूल्यमापकांचा वाजवी खर्चही १९९३ च्या कायद्याप्रमाणे मुदत मागणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. इथे घर आणि लग्न एकाच बिलात आलंय. या लग्नात खर्च एकाचा, आणि अर्धा आहेर मात्र दुसऱ्याचा.

हे विवाहमूल्य ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत उरली असेल तर लागत नाही. ही रेघ २००२ च्या कायद्याने आखली. त्यामुळे ८० वर्षं आणि एक दिवस उरला असताना नोटीस देणारा आणि दोन दिवस उशिरा जागा होणारा, यांच्या बिलात हजारो पौंडांचा फरक पडतो. त्या दोन दिवसांत जमिनीने काही केलेलं नसतं, मालकाने नसतं आणि घराने तर नसतंच. भाच्याने फ्लॅट घेतला तेव्हा ८४ वर्षं उरली होती. खरेदीच्या वेळच्या वकिलाने ते लिहून कळवलं होतं म्हणे, चाळीस पानी पत्रातल्या एका परिच्छेदात. "मला वाटलं, चौऱ्याऐंशी म्हणजे खूप झाली," भाचा म्हणाला. पहिल्या दिवशी मला बहात्तरसुद्धा खूप वाटली होती, त्यामुळे त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

यात बाजारभाव कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हवा. ५ टक्क्यांचा तो दर लंडनच्या 'लँड्स ट्रायब्युनल'ने २००६ साली स्पोर्टेली खटल्यात फ्लॅटसाठी ठरवला आणि पुढे तोच सर्वत्र चालला. त्याऐवजी ४ टक्के धरला तर आपल्या हिशेबातले ११,९०० एकदम २३,७५० होतात. एका टक्क्याने किंमत दुप्पट! म्हणजे ही किंमत बाजाराने ठरवलेली नाही, न्यायालयात तज्ज्ञांच्या साक्षी काढून ठरवलेली आहे. आणि तसंच होणार, कारण इथे बाजारच नाही. भाच्याला मुदत विकू शकणारा जगात एकच माणूस आहे, आणि भाच्याच्या फ्लॅटची मुदत घ्यायला येणारा गिऱ्हाईकही एकच आहे. भाजी महाग वाटली तर माणूस शेजारच्या गाड्यावर जातो. इथे शेजारचा गाडाच नाही. अशा सौद्यात जी किंमत निघते ती वस्तूची नसते, दुसरीकडे जाता येत नाही या अडचणीची असते. दोघांत अडलेला कोण, हे घड्याळ ठरवतं. मालक बसून राहिला तरी त्याचा हिस्सा दरवर्षी फुगतो, फ्लॅटधारक बसून राहिला की त्याचा आटतो.

म्हणून तिथल्या मालकांची पहिली चाल बहुधा गोड असते. "कायद्याच्या भानगडीत कशाला पडता, आपसात मिटवू" असं पत्र येतं. भाच्यालाही आलं. त्यात मुदत ९९ वर्षांपर्यंतच भरून मिळणार होती, म्हणजे जोडायची फक्त २७. भुईभाडं चालू राहणार होतं, शिवाय ठरावीक वर्षांनी वाढणार होतं. किंमत मात्र कायद्याने आली असती त्याच्या आसपासच. चार पत्रांच्या देवाणघेवाणीत सात महिने गेले. कोणी खोटं बोललं नाही, कोणी धमकी दिली नाही. नुसते महिने गेले.

आता मालकाची बाजू. ती कमकुवत करून मांडली तर माझाच युक्तिवाद पोकळ ठरेल. मालक म्हणतो, मुदत लपवलेली नव्हती. पहिल्या खरेदीदाराने ठरावीक वर्षांचा पट्टा घेतला आणि त्याप्रमाणे किंमत दिली. पुढच्या प्रत्येकाने उरलेली वर्षं पाहून भाव पाडून घेतला. मग शेवटच्याने "मला पूर्ण घर द्या" म्हणणं म्हणजे अर्ध्या तिकिटावर पूर्ण प्रवास करणं आहे. शिवाय आज सगळेच मालक सरदार-दरकदार नाहीत. भुईभाड्यांत निवृत्तिवेतनाच्या फंडांचे पैसे गुंतले आहेत, धर्मादाय संस्थांचे गुंतले आहेत. त्यांनी तेव्हाच्या कायद्यावर विसंबून पैसे घातले. संसदेने मागाहून नियम बदलून त्यांचं विवाहमूल्य काढून घेणं म्हणजे एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालणं.

हा आक्षेप नवा नाही. १९६७ च्या कायद्याने घरांच्या, म्हणजे फ्लॅट नसलेल्या वास्तूंच्या, पट्टेदारांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. त्यामुळे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या विश्वस्तांना लंडनच्या बेलग्रेव्हियातली सुमारे ८० घरं गमवावी लागली. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ साली हरले. सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी कायद्याने एकाची मालमत्ता दुसऱ्याला देणं हेही सार्वजनिक हिताचं असू शकतं, असं न्यायालयाने मान्य केलं. १९९३ चा फ्लॅटचा कायदा आला तेव्हाच्या ड्यूकनी निषेध म्हणून हुजूर पक्ष सोडला. विवाहमूल्य रद्द करणाऱ्या २०२४ च्या नव्या कायद्याविरुद्ध मोठ्या जमीनमालकांनी पुन्हा न्यायालय गाठलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात त्यांची हार झाली.

मालकाच्या युक्तिवादात एक गोष्ट खरी आहे. मुदत ही काही चोरी नाही. ज्याला वीस वर्षंच राहायचं आहे त्याने वीस वर्षांचेच पैसे द्यावेत, यात अन्याय कसला? म्हणूनच भरपाईचे १३,३०० द्यायला भाच्याने कधी खळखळ केली नाही. पण वरचे १३,३५० कशाचे? एके काळी हॅरोत शेतं होती. रेल्वे आली, शाळा आल्या, दुकानं आली, माणसं राहायला आली, म्हणून त्या जागेला मोल आलं. छप्पर गळलं तेव्हा दुरुस्तीचं बिल फ्लॅटधारकांनी भरलं. त्या वाढलेल्या मोलात मालकाचं योगदान काय, तर वाट पाहणं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण यासाठीच असावी, फक्त इथला नागोबा बिळाचं भुईभाडंही घेतो.

आणि ही जमीन मुळात आली कुठून? बेलग्रेव्हिया आणि मेफेअर ग्रोव्हनर घराण्याकडे आलं ते १६७७ साली, मेरी डेव्हिस नावाच्या बारा वर्षांच्या वारसदार मुलीशी सर थॉमस ग्रोव्हनरचं लग्न लागलं तेव्हा. तेव्हा तिथे पाणथळ कुरणं होती. त्याच्या थोडं आधी, १६६१ च्या तहानुसार, पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला आंदण म्हणून मिळालं. त्याने १६६८ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलं, वर्षाला सोन्यात १० पौंड भाड्याच्या बदल्यात. आज मरीन ड्राइव्हवरची एक खिडकीसुद्धा त्या भावात येणार नाही. विवाहमूल्य हा शब्द मूल्यमापकांनी दोन हक्कांच्या जुळणीसाठी वापरला असेल, पण मला तो इतिहासाचाच शब्द वाटतो. लग्नात मिळालेल्या जमिनीवर पुढे शतकानुशतकं मोल चढत गेलं, ते चढवणारी माणसं वेगळीच होती.

मराठी माणसाला हा वाद परका वाटू नये. आपण हा एकदा लढलो आहोत, फक्त घराऐवजी शेतावर. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. 'कसेल त्याची जमीन' ही त्यामागची घोषणा. त्या दिवशी कूळ हे कायद्याने जमिनीचं मानीव खरेदीदार झालं. किंमत कशी ठरली? मालक आणि कूळ यांनी घासाघीस करावी असं कायद्याने म्हटलं नाही, कारण त्या घासाघिशीत कोण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेतसाऱ्याच्या आकाराच्या २० ते २०० पट अशी मर्यादाच घालून दिली. गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहिलेल्या मुंडकाराला संरक्षण दिलं आणि पुढे घराखालची जागा विकत घेण्याची वाटही मोकळी झाली. तत्त्व सगळीकडे एकच आहे. ज्या सौद्यात एका बाजूला उठून जाता येत नाही, तिथे किंमत कायद्याने सांगावी. याला कोणी मालमत्तेवरचा घाला म्हणतं. मला वाटतं, मालमत्तेला माणसांत राहण्यासाठी जी शिस्त लागते ती हीच.

पण कूळकायद्याच्या इतिहासात दुसरा धडाही आहे आणि तो आज लंडनला जास्त लागू पडतो. कायदा येणार हे आधीच कळलं होतं. १९४८ पासून १९५७ पर्यंत नऊ वर्षं मिळाली. त्या नऊ वर्षांत खेडोपाडी कुळांचे 'राजीनामे' झाले. कुळाने जमीन आपखुशीने सोडली, असं कागद सांगतो. किती खुशीने, ते पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वाचायला मिळतं. कायदा कुळाच्या बाजूचा होता, पण कायद्याला लागलेला वेळ मालकाच्या बाजूचा होता.

लंडनमध्ये आज नेमकं हेच चालू आहे. २४ मे २०२४ रोजी नव्या कायद्यावर राजमुद्रा उठली. त्यात विवाहमूल्य रद्द आहे. ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ आहे. मालकाच्या वकिलाचा खर्च फ्लॅटधारकावर टाकण्याची प्रथा जवळजवळ संपवलेली आहे. फ्लॅट घेऊन दोन वर्षं थांबल्याशिवाय नोटीस देता येत नसे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. पण किमतीची कलमं लागू व्हायची तर मूल्यमापनाचे दर मंत्र्यांनी ठरवायला हवेत. मसुदे, सल्लामसलती, न्यायालयीन आव्हान, पुन्हा मसुदे. कायदा पुस्तकात आहे आणि बिल जुन्या दराने येतंय.

भाच्याचा पेच हाच होता. थांबलं तर कदाचित अर्ध्या किमतीत काम होईल. थांबलं आणि कायदा आणखी तीन वर्षं लागू झाला नाही, तर ६९ उरतील आणि जुन्या हिशेबाने किंमत आणखी चढलेली असेल. त्यात फ्लॅट विकायचा असेल तर थांबणं परवडत नाही. ज्याच्या हाताशी पैसा आहे तो थांबू शकतो. ज्याला नोकरीसाठी गाव बदलायचं आहे, ज्याचा घटस्फोट झाला आहे, ज्याची आई वारली आणि तिचा फ्लॅट विकून भावंडांना वाटण्या करायच्या आहेत, त्यांना थांबता येत नाही. सुधारणा जाहीर करून ती लांबवणं म्हणजे गरजूला सांगणं की, तुझी सुटका पुढच्या स्टेशनवर आहे, पण गाडी कधी सुटेल ते माहीत नाही.

इथे माझा सरकारांवरचा आक्षेप मालकांवरच्या आक्षेपापेक्षा मोठा आहे. मालक स्वतःचं हित बघतो, ते उघड आहे. सरकार मात्र आपण काहीच करत नाही तेव्हा निःपक्ष आहोत असं समजतं. भाडेपट्ट्यात निःपक्ष राहण्यासाठी आधी घड्याळ थांबवावं लागतं. स्कॉटलंडने निराळ्या पद्धतीने हे करून दाखवलं. १९७४ च्या कायद्याने तिथे घरांसाठी २० वर्षांपेक्षा मोठे नवे पट्टे करणंच बंद झालं, आणि जुने अतिदीर्घ पट्टे २८ नोव्हेंबर २०१५ या एका ठरलेल्या तारखेला आपोआप मालकीत बदलले. इंग्लंडलाही हे सहज जमण्यासारखं होतं. कायद्यावर राजमुद्रा उठली त्या दिवशीची उरलेली वर्षं हीच पुढच्या हिशेबाची वर्षं, असं एक कलम घातलं असतं, तर मंत्र्यांना हवा तेवढा वेळ घेता आला असता. तो वेळ मग त्यांच्या खर्चाने गेला असता, फ्लॅटधारकाच्या नाही.

हे सगळं मी भाच्याला फोनवर जोरात सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, तुझी किती उरलीत?"

"माझी कसली?"

"वाशीची. सिडकोची जमीन लीजवरच असते ना?"

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. सोसायटीची फाइल निळ्या कापडी बांधणीची आहे, कडा उधईने कुरतडलेल्या. भाडेपट्ट्याचा करारनामा तिसऱ्या कप्प्यात होता. तारीख १९८३. मुदत ६० वर्षं. बोटं मोजायची गरज नव्हती. २०४३. म्हणजे भाच्याच्या बहात्तरला हसणाऱ्या मामाकडे वीससुद्धा उरली नव्हती. इतकी वर्षं सेक्रेटरी होतो. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग, कुत्रे, सगळ्यावर ठराव केले. त्या पानावर बोट ठेवून कोणी कधी प्रश्न विचारला नाही, आणि मीही विचारला नाही.

पण मी आता स्वतःच्या फायद्यासाठी तत्त्व वळवणार नाही. लंडनच्या खासगी मालकाविरुद्ध जे मी म्हटलं, ते सगळं इथे जसंच्या तसं लागू होत नाही. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. आगरी-कोळ्यांची मिठागरं आणि शेतं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. ज्या जमिनीची एवढी किंमत आधी दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे, तिच्या वाढलेल्या मोलावर फक्त मी हक्क सांगणं मला शोभत नाही. सार्वजनिक जमीन पट्ट्याने देण्यामागचा विचार मुळात चांगलाच आहे. शहर वाढेल तसं जमिनीचं मोल वाढेल, आणि त्यातलं काही शहराकडे परत येईल. म्हणून "मोफत मालकी द्या" ही घोषणा मला पटत नाही. मुदतवाढीला किंमत असावी, पण ती आजच लिहिलेली असावी, अर्ज करायला कोण किती घायकुतीला आलाय यावर ती हलू नये, आणि मिळालेला पैसा कुठे गेला ते दिसावं. महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या नियमांनी शासकीय पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग १ मध्ये, म्हणजे मालकी हक्कात, नेण्यासाठी रेडी रेकनरच्या ठरावीक टक्क्याने रक्कम आकारायची पद्धत आणली. टक्का किती असावा यावर भांडता येईल. पण जो टक्का छापील असतो त्यावर निदान भांडता तरी येतं. मनातल्या टक्क्याशी कोण कसं भांडणार?

मालकी मिळाली की सगळं सुटतं, हाही एक भ्रम आहे. इंग्लंडने २००२ च्या कायद्यात 'कॉमनहोल्ड' नावाची व्यवस्था आणली. त्यात प्रत्येकाचा फ्लॅट मुदतीशिवाय त्याचाच असतो आणि जिना, छप्पर, जमीन सगळ्यांची मिळून. भाच्याने ते मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, ही तर आपली सोसायटी! भांडणांसकट." वीस वर्षांत तिथे त्या व्यवस्थेच्या वीस इमारतीसुद्धा झाल्या नाहीत, कारण बिल्डरला त्यात मागे राखून ठेवायला काही उरत नाही. आपल्याकडे १९६३ चा मोफा कायदा बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी असं सांगतो, आणि तरी कितीतरी सोसायट्या अभिहस्तांतरणासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या घालत राहिल्या, इतक्या की शेवटी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तिथेही हत्यार तेच होतं. कोणी नाही म्हणत नव्हतं, नुसते "करू" म्हणत होते.

भाच्याने शेवटी नोटीस दिली, जुन्याच कायद्याखाली. मी त्याला थांब किंवा थांबू नको यातलं काही सांगितलं नाही. नोटीस मालकाला पोचते त्या तारखेला मूल्यमापनाची वर्षं गोठतात, पुढे कितीही वाद चालला तरी ७२ ची ७१ होत नाहीत. "मामा, बारा वर्षांत पहिल्यांदा घड्याळ थांबलं," तो म्हणाला. मालकाला उलट नोटिशीसाठी किमान दोन महिने असतात. त्या तारखेत तो चुकला तर फ्लॅटधारकाने सांगितलेल्या अटी त्याच्यावर बंधनकारक होऊ शकतात. उलट नोटीस आल्यावर सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अर्ज केला नाही तर फ्लॅटधारकाची नोटीस रद्द, आणि पुढचे बारा महिने नवी देता येत नाही. तारखांच्या या जंजाळात दोघांनाही सारखा धाक आहे. माझ्या मते त्या जुन्या कायद्यातली सगळ्यात न्याय्य गोष्ट हीच.

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टमध्ये झाली. मी लेखी पत्र देऊन भाडेपट्ट्याच्या मुदतीचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावला. तो शेवटचा, अकरावा विषय होता. दहावा विषय गच्चीवरच्या गळतीचा होता आणि त्यावर पावणेदोन तास गेले. अकरावा आला तेव्हा पंधराएक लोक उरले होते आणि खाली वडे थंड होत होते. मी करारनाम्याचं पान दाखवलं, २०४३ चा आकडा मोठ्याने वाचला. पहिल्या रांगेतले एक काका उठता उठता म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, अजून पुष्कळ वेळ आहे हो." अध्यक्षांनी मान डोलावली. इतिवृत्तात नोंद झाली: विषय पुढील वर्षीच्या सभेत घ्यावा.

ती नोंद मीच लिहिली. लिहून झाल्यावर समासात पेन्सिलीने पुढच्या सभेच्या दिवशी किती वर्षं उरलेली असतील तो आकडा घातला. मग पेनने गिरवला.